मशीन भंगारात काढण्याआधी वीस मिनिटं द्या: संगणक विक्रेत्यांना आणि दुरुस्तीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
सर्व संगणक विक्रेते आणि दुरुस्ती करणारे,
लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यापर्यंत

विषय: चालू स्थितीतले जुने संगणक भंगार ठरवणं थांबवावं आणि ग्राहकाला लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) काउंटरवर चालवून दाखवावं, याबाबत.

स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. तेव्हापासून दुकानादुकानांतून एकच वाक्य ऐकू येतं: “टेन बंद झालं, तुमचं मशीन इलेव्हन घेत नाही, नवीन घ्या.” यातला मधला तुकडा बहुतेक वेळा खरा असतो. पहिला अर्धाच खरा आहे. तिसरा तुमचा धंदा आहे आणि तो तुम्ही जरूर करा, पण पहिल्या तुकड्याच्या जोरावर नको.

आम्ही म्हणजे घरोघरच्या जुन्या संगणकांवर लिनक्स टाकून देणारी आणि काही अडलं तर पुन्हा जाऊन बसणारी मंडळी. तुमच्याशी आमची स्पर्धा नाही. रॅम, एसएसडी, बायोसचा (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचा) सेल हे सगळं आम्ही तुमच्याकडूनच घेतो. आमचा स्वार्थ एवढाच, की तुम्ही ‘गेलं’ म्हणून सांगितलेलं मशीन शेवटी आमच्या टेबलावर येतं, तेव्हा त्यातला डी ड्राइव्ह शाबूत असावा.

आधी तो ‘बंद’ शब्द बघू. विंडोज १० चालू होतं, चालतं, छापतं. बंद झाली ती डागडुजी, म्हणजे नवी भोकं सापडली की ती बुजवणारं कोणी नाही. हा धोका खरा आहे आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्यानं तो अंगावर घेऊ नये. पण मायक्रोसॉफ्टनं घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव अपडेटची सोयही जाहीर केली होती. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, आणि सेटिंगचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर पैसेही लागत नाहीत. किती दुकानांत हे ग्राहकाला सांगितलं गेलं?

इलेव्हन का जात नाही, याचंही कारण नीट सांगा. त्याला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय) लागतं, सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचीच प्रणाली चालू देणारी तपासणी) लागतं, आणि प्रोसेसर साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा रायझन २००० मालिकेचा आणि त्यापुढचा लागतो. चौथ्या पिढीचा आय५ कमजोर म्हणून नापास होत नाही. यादीत नाव नाही म्हणून होतो. ग्राहकाला मात्र ऐकू येतं ते “मशीन म्हातारं झालं”. काही जण रूफस नावाच्या साधनानं ही अट काढून टाकलेला पेनड्राइव्ह बनवतात आणि इलेव्हन चढवून देतात. अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि इलेव्हनच्या २४एच२ या आवृत्तीपासून तर फार जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही. चढवायचंच असेल तर हे आधी सांगून चढवा.

दुसरी तक्रार क्रॅकची, म्हणजे परवाना न घेता चोरून चालू केलेल्या सॉफ्टवेअरची. यावर सगळे गप्प असतात, म्हणून स्पष्ट लिहितो. ‘विंडोज टाकून देतो, ऑफिससकट’ यातलं ऑफिस कुठून येतं हे दोघांनाही माहीत असतं. ॲक्टिव्हेशनचं ते साधन चालवण्यासाठी अँटिव्हायरस आधी बंद करावा लागतो, आणि नंतर चालू करताना त्या फोल्डरला सूट द्यावी लागते. म्हणजे कुलूप बसवायला आलेल्या माणसानं मागचं दार उघडं ठेवून जाण्यातला प्रकार. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, पण शिक्षा वापरणाऱ्याला आहे, म्हणजे तुमच्या ग्राहकाला. तो बिचारा फॉरमॅटचे पैसे देऊन निश्चिंत असतो.

याला लागूनच एक विचित्र प्रकार आहे. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून आलेला लॅपटॉप विंडोजवाल्यापेक्षा स्वस्त मिळतो म्हणून ग्राहक तो घेतो. खोक्यातून काढल्याबरोबर, त्याला न विचारता, दुकानात ते उबुंटू पुसलं जातं आणि चोरीचं विंडोज चढतं. जे फुकट, कायदेशीर आणि त्या यंत्रासाठी कंपनीनं तपासून दिलेलं होतं, तेच पहिलं कचऱ्यात. विचारलं तर उत्तर येतं, “लिनक्स म्हणजे काळ्या स्क्रीनवर कमांड मारायच्या.” मिंट (हाही लिनक्सचाच प्रकार) किंवा उबुंटूवर ब्राउझर उघडणारा, फोटो बघणारा, पत्र टाइप करणारा माणूस काळ्या खिडकीशिवाय वर्षभर काढू शकतो.

आता तिसरी तक्रार. आमच्या लेखी सगळ्यात मोठी, कारण इथे नुकसान भरून येत नाही.

आपल्याकडे ‘फॉरमॅट मारणं’ म्हणजे सी ड्राइव्ह पुसणं. लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, सातबाराची स्कॅन केलेली प्रत, सगळं डी मध्ये. सी उडवला तरी डी राहतो, हे वीस वर्षांत घराघरांत मुरलेलं आहे. लिनक्सच्या इन्स्टॉलरला हा संकेत ठाऊक नाही. त्यात ‘इरेझ डिस्क’ असा पर्याय येतो. तो सी पुसत नाही, अख्खी डिस्क पुसतो. सी, डी, ई, रिकव्हरी, सगळं. घाईत ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करणाऱ्या पोरानं तो निवडला की तीस सेकंदांत डीचा पत्ता नाही. मग ग्राहक म्हणतो लिनक्सनं फोटो खाल्ले. खाल्ले ते सवयीनं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डी ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि दोन-चार फाइली उघडून बघा. नुसती कॉपी झाली म्हणून भागत नाही. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकायचं असेल तर जागा विंडोजमध्येच मोकळी करा: डिस्क मॅनेजमेंटमधून सी लहान करा, ४० जीबी तरी सोडा. मिंट कमीत कमी २० मागतं, पण २० वर ते सहा महिन्यांत गुदमरतं. फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असेल तर ‘शटडाउन’ म्हणजे अर्धी झोप असते, आणि लिनक्समधून विंडोजचे ड्राइव्ह उघडले तर फक्त वाचायला मिळतात किंवा उघडतच नाहीत. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये एखादी सेटिंग बदलली की पुढच्या वेळी विंडोज तीच मागतं.

त्यानंतर एक तपासणी आहे, ती जवळजवळ कोणीच करत नाही. विंडोज आणि आर दाबून एमएसइन्फो३२ चालवा आणि ‘बायोस मोड’समोर लेगसी (मशीन सुरू करण्याची जुनी पद्धत) आहे की यूईएफआय (नवी पद्धत), ते बघा. दुकानात असेंबल झालेल्या कितीतरी मशीनवर बोर्ड यूईएफआयचा असूनही विंडोज लेगसीत टाकलेलं असतं. बूट मेनूत तुमचा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावानं आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून. विंडोज ज्या पद्धतीचं आहे तीच ओळ निवडायची. चुकीची निवडली तर लिनक्स बसतं, विंडोजही जागेवर असतं, पण सुरुवातीच्या यादीत दोन्ही एकत्र दिसत नाहीत, आणि ‘विंडोज उडालं’ अशी बोंब होते. लेगसी पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशन मावतात, हेही लक्षात असू द्या. विंडोज ७ च्या काळातल्या बऱ्याच ब्रँडेड लॅपटॉपवर ती चारही कारखान्यातच भरलेली असतात; मग इन्स्टॉलर ‘शेजारी टाका’ हा पर्याय दाखवतच नाही. तिथे हटकून ‘इरेझ’वर बोट जातं. जाऊ देऊ नका.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर ती मेली असं लगेच धरू नका. बायोसमध्ये साठवणुकीची सेटिंग रेड किंवा इंटेल आरएसटीवर असेल. ती एएचसीआयवर न्यावी लागते, पण विंडोज आधी सेफ मोडला लावून मगच. नाहीतर विंडोज निळं पडतं.

एवढं सगळं करण्याआधी ज्या वीस मिनिटांबद्दल हे पत्र आहे, ती अशी जातात.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मिंटची फाइल ३ जीबीच्या आसपास आहे. काउंटरवर कायम ठेवायचा असेल तर ३२ जीबीचा घ्या, त्यावर व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक प्रणाली सुरू करून देणारं साधन) टाका आणि फाइली नुसत्या कॉपी करा: मिंट सिनॅमन, हलक्या मशीनसाठी मिंट एक्सएफसीई, आणि फार जुन्या ३२-बिटवाल्यांसाठी डेबियन १२ (आणखी एक लिनक्स). उतरवलेल्या फाइलची एसएचए-२५६ खूण संकेतस्थळावरच्या खुणेशी जुळवा. तुटक इंटरनेटवर फाइल अर्धवट उतरते आणि मग दोष बिचाऱ्या पेनड्राइव्हला. बूट मेनूची कळ डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२ असते, पण कधी कधी ती बायोसमध्ये आधी चालू करावी लागते. मिंटसाठी सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. व्हेंटॉय मात्र पहिल्यांदा त्याची की नोंदवून घ्यायला सांगतं.

मिंटचा डेस्कटॉप आला की ‘इन्स्टॉल’च्या चिन्हाला हात लावू नका. डिस्कवर अजून काहीही लिहिलेलं नाही. सगळं पेनड्राइव्ह आणि रॅमवर चाललंय. ग्राहकाला खुर्ची द्या. वायफाय जोडा. यूट्यूब लावून आवाज ऐका, आणि हेडफोन लावल्यावर स्पीकर गप्प बसतो का बघा. वेबकॅम, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं. मग लॅपटॉपचं झाकण मिटा, एक मिनिट थांबा, उघडा. निम्म्या तक्रारी या एका चाचणीत आधीच कळतात. पेनड्राइव्हवरून हे मंद वाटणारच, तसं सांगा. शेवटी ‘डिस्क्स’ उघडून हार्ड डिस्कची तब्येत बघा. खराब सेक्टरचा आकडा वाढलेला असेल तर विंडोज काय आणि लिनक्स काय, आधी डिस्क बदला.

वायफाय दिसलं नाही तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप असते. ग्राहकाचाच फोन केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट लगेच येतं आणि फोनवर एरवी दुसरं काही लागत नाही. इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून तिचा ड्रायव्हर मिळतो. सिक्युअर बूट चालू असताना असा बाहेरचा ड्रायव्हर टाकला तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या सुरुवातीला निळी स्क्रीन येते. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाबरून ‘कंटिन्यू’ केलं की वायफाय परत गायब.

मशीनबद्दल आमचा अनुमानधपका नको, अनुभव ऐका: एच६१ बोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी डीडीआर३, जुनी फिरती हार्ड डिस्क. हे आपल्या भागातलं सरासरी घरगुती मशीन. यात एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम घातली की मिंट झकास चालतं. दोन्ही वस्तू तुमच्याच शेल्फवर आहेत. एसएसडी नसेल तर एक्सएफसीई टाकलं तरी पहिलं मिनिट रडतखडतच जाणार, ते लपवू नका. आणि २ जीबी रॅमच्या ३२-बिट मशीनसाठी कोणाला आशा दाखवू नका. डेबियन १३ नं ऑगस्ट २०२५ मध्ये ३२-बिट इन्स्टॉलर सोडून दिला. १२ अजून टाकता येतं, पण आजचा ब्राउझर त्या रॅममध्ये मावत नाही. तिथे तुमचं “नवीन घ्या” बरोबर आहे.

लिनक्सवर काय चालत नाही, हे आम्ही लपवत नाही आणि तुम्हीही लपवू नका. टॅली, फोटोशॉप, कोरलड्रॉ विंडोजशिवाय नीट नाहीत. हिशेबनीस आणि डीटीपीवाल्यांना लिनक्सचा आग्रह करणं म्हणजे त्यांची रोजीरोटी अडवणं. व्हॅलोरंट खेळणारा मुलगा घरात असेल तर वाद घालू नका, ते चालत नाही. डिजिटल सहीचं टोकन असेल तर ते लाइव्ह पेनड्राइव्हवर (म्हणजे इन्स्टॉल न करता चालवलेल्या लिनक्सवर) लावून बघितल्याशिवाय शब्द देऊ नका. प्रिंटरचं तर आधी विचाराच. एचपीचा १०२० प्लस आणि एम१००५ एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं प्लगइन एकदा उतरवलं की छापतात, एप्सनच्या टाकीवाल्यांना ड्रायव्हर मिळतो, पण आपल्याकडे घरोघर असलेला कॅनन एलबीपी २९०० जीव खातो. तो ज्याच्याकडे आहे त्याला हे आधी सांगितलं तर तो चिडत नाही. नंतर कळलं तर चिडतो.

चौथी तक्रार मराठीची. लिनक्स टाकून दिलं आणि मराठी कीबोर्ड चालू न करताच ग्राहकाला घरी पाठवलं, असं आम्ही वारंवार बघतो. मग “यात मराठी नाही” अशी ख्याती होते. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडताना मराठी इन्स्क्रिप्ट आणि मराठी कगप फोनेटिक दोन्ही मिळतात. आयबस (टाइप करण्याच्या पद्धती पुरवणारं साधन) आणि त्याचं एम१७एन हे पॅकेज टाकून लॉग आउट करून परत आलात तर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या आयट्रान्स आणि चक्क गमभन या पद्धतीसुद्धा हजर. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे नं ऱ आणि शिफ्ट-एन नं ळ. ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ नीट उमटतात. ग्राहकासमोर त्याचं स्वतःचं नाव टाइप करून दाखवा, दहा सेकंदांचं काम आहे.

फाँटची गोष्ट जरा वेगळी. मंगल हा विंडोजचा फाँट आहे, लिनक्सवर नसतो. मंगलमध्ये केलेलं पत्र लिब्रेऑफिसमध्ये दुसऱ्या फाँटनं उघडतं आणि एका पानाचं सव्वा पान होतं. नवं काम मुंबईच्या एक टाइपनं खुला करून दिलेल्या मुक्तामध्ये किंवा नोटोमध्ये करा, आणि बाहेर पाठवताना पीडीएफ करा. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या जुन्या फाइली म्हणजे मूळ इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी मुखवटा आहे. फाँटची फाइल सोबत नेली तर दिसतील, पण पुढच्या कामासाठी त्या युनिकोडमध्ये बदलून घेणंच बरं.

केरळच्या शाळांमधले संगणक वर्षानुवर्षं तिथल्या काइट या शिक्षण-तंत्रज्ञानाच्या सरकारी संस्थेच्या लिनक्सवर चालतात, म्हणजे शाळकरी पोरांना हे जमतं. आपल्याकडे एमएस-सीआयटी केलेल्या पिढ्या विंडोजवर वाढल्या, त्यामुळे सवय मोडायला थोडा वेळ लागेल, इतकंच.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. कोणतंही ६४-बिट मशीन ‘नवीन घ्या’ म्हणून परत पाठवण्याआधी ग्राहकासमोर लाइव्ह पेनड्राइव्ह चालवून दाखवा.

२. वाढीव अपडेट, लिनक्स आणि नवं मशीन हे तिन्ही पर्याय खर्चासकट सांगा. ठरवू द्या त्याला.

३. क्रॅक टाकणं बंद करा. काय टाकलं, कोणती आवृत्ती, हे बिलावर लिहा. मिंट २२ असेल तर २०२९ पर्यंत अपडेट मिळतील, हेही त्याच ओळीत येऊ द्या.

४. डिस्कला हात लावण्याआधी पार्टिशनचा पडदा ग्राहकाला दाखवा, काय पुसणार आणि काय ठेवणार ते लिहून त्याची सही घ्या. तुमचंही संरक्षण होतं.

५. मराठी कीबोर्ड आणि प्रिंटर चालू करून दिल्याशिवाय काम पूर्ण धरू नका.

६. मजुरी घ्या. लिनक्स फुकट आहे, तुमचा वेळ नाही. फॉरमॅटचे जेवढे घेता तेवढे घ्या. शिकवायला अर्धा तास बसलात तर त्याचेही घ्या. केडीई आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या ‘एंड ऑफ १०’ मोहिमेच्या यादीत लिनक्स टाकून देणाऱ्या दुकानांची नावं जातात. तुमचं नाव तिथे दिसलं तर गिऱ्हाईक आपणहून येईल.

ज्यांना पहिल्या दहा मशीनना सोबत हवी असेल, त्यांच्या काउंटरमागे आम्ही रविवारी बसायला तयार आहोत. चहा तुमचा.

कळावे, लोभ असावा.

आपले नेहमीचे ग्राहक

ता. क. “काल टाकलेलं लिनक्स आज उडालं, नो बूटेबल डिव्हाइस येतंय” असा फोन आला तर पुन्हा इन्स्टॉल करायला बसू नका. आधी बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मोजा. तो मेला असेल तर रात्री वायर काढल्याबरोबर बायोस मूळ सेटिंगवर जातो, लेगसीचं यूईएफआय किंवा उलट होतं, आणि डिस्कवर सगळं जसंच्या तसं असूनही मशीनला ते सापडत नाही. तीन व्होल्टच्या खाली बराच गेलेला दिसला तर सेल बदला, सेटिंग परत लावा, बायोसमधलं घड्याळ बरोबर करा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसत असेल तर मात्र सेल चांगला आहे. लिनक्स बोर्डाच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, त्याला स्थानिक वेळ लिहायला सांगितलं की भागतं.